पायलट भाच्याचा कौल

देव, भूत, करणी... यातलं मी काही मानत नाही. कारेगावला कंपनीत क्वालिटीला आहे. घरी बायकोच्या आमटीतही दोष काढतो आणि मग ताटावरून उपाशी उठतो. तरी हे लिहितोय, कारण डोक्यातून जातच नाही.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, इनामगावच्या अलीकडे, घोडकाठी. माझा भाचा पायलट. त्याचं छोटं विमान यवतजवळ शेतात कोसळलं. तो वाचला, पण खुरपायला आलेली एक बाई गेली. दौंडच्या कोर्टात केस चालू आहे. साक्षी अजून व्हायच्यात. पण गावच्या ग्रुपवर निकाल कधीच लागलाय — "पिऊन होता", "मोबाईल बघत होता". विमानात कधी न बसलेली माणसं ब्रेकवर भाषण देत होती! माझी बहीण, म्हणजे त्याची आई, आमची आक्का, दळणालाही बाहेर पडेना.

त्यात सोसायटीचे आप्पा म्हणाले, "कोर्टाचा कौल कवा यायचा? बिरोबाचा घिऊ की आजच!"

गेलेल्या बाईचा नवरा महादू, विमान पडताना लांबून बघितलेला साक्षीदार, त्यालाही यवतहून देवळात बोलावून घेतलं. मी म्हणालो, "आप्पा, ह्यांची साक्ष व्हायचीय. आधीच डोक्यात भरवलं तर कोर्टात काय सांगतील?"

"तू गप. मामा हायेस त्याचा."

पुजाऱ्यानं बिरोबाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आप्पांनी विचारलं, "पोराची चूक हाय का?" उजवी पडली की आक्काला गावात राहणं अशक्य, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती खांबाला धरून उभी होती.

एरवी घटकाभरात पडते. दुपार झाली... ऊन कललं... कळ्या पार वाळल्या. आप्पांनी "देवाला उकडतंय" म्हणत टेबलफॅन लावला, घंटा बडवली. दोन्ही जागच्या जागी! आणि मी, काही न मानणारा, मनात कळीची विनवणी करत होतो — "पडू नको गं बाई."

शेवटी सकाळपासून गप्प बसलेला महादू उठला. "म्या इचारू का?" टोपी काढून देवासमोर वाकला. "देवा, लगीच गेली का रं ती? हाल न्हाई ना झालं तिचं?"

बोलणं पुरं व्हायच्या आत उजवी कळी टपकन पडली.

आप्पाच सावरले, "बघा, देव बोलाय लागला! आता पोराचं परत इचारू."

महादूनं हात वर करून डावी कळी स्वतःच काढून घेतली. "बास आता," म्हणाला, "म्या जे बघितलं त्येच कोर्टात सांगीन." आक्काकडे न बघता, पण तिच्या बाजूनंच, पायऱ्या उतरून गेला.

वाळलेल्या कळ्या फॅनसमोर कशा टिकल्या, आणि एक नेमकी तेव्हाच का पडली... मला आजही सांगता येत नाही. केस अजून चालू आहे.