देवीला सासरा नाही

मी तिची नणंद आहे, त्यामुळे तिच्याबद्दल चांगलं बोलण्याची सक्ती माझ्यावर कुणी करू शकत नाही. तरी सांगते, कारण दुसरं कुणी सांगायला बसलं तर तिला गोडगोड करून टाकेल, आणि वहिनी गोड अजिबात नाही.

ती कवळ्या बनवते. दातांचे दवाखाने तोंडाचे ठसे पाठवतात. त्यावरून ती घराच्या मागच्या खोलीत प्लास्टरचे जबडे ओतते, मेणात दात बसवते, गुलाबी हिरड्या घासून चकचकीत करते. लोकांचे दात त्यांच्याच घशात घालणं हा हिचा धंदाच आहे, असं दादा म्हणतो. तो तिचा नवरा असल्यामुळे त्याला अनुभव आहे.

उरलेल्या गुलाबी मालातून ती बोटाएवढी माणसं करते, रविवार दुपारच्या खेळासाठी. खेळ साधा आहे. एकजण गोष्ट सांगतो, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. सांगणारी वहिनी, म्हणजे राजा ती, खानावळवाला ती, राक्षस ती आणि देवीही तीच. दादा चोर झाला होता. समोरच्या इमारतीतला लिफ्ट दुरुस्त करणारा, ज्याला आम्ही लिफ्टवालाच म्हणतो, तो जखमा बऱ्या करणारा साधू. मी कुऱ्हाडवाली. मी लोकांना गाडी शिकवते. आठवडाभर शेजारी बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबणाऱ्या बाईला रविवारी कुऱ्हाड मिळाली तर ती कशाला सोडेल?

त्या जगात देवी एकच, उंबरठ्यांची. तिची कृपा म्हणून वहिनीने टेबलाच्या मधोमध प्लास्टरची एक दाढ ठेवली होती. अगदी गळ्याशी आलं की देवीकडे मागायचं, पण एका मोहिमेत एकदाच. मागायचं स्वतःच्या तोंडाने, थेट देवीला, आणि बदल्यात आपलं काय देतो तेही सांगायचं. देवीला पटलं तर दाढ तुमची. मग फासा टाकायचा नाही, तुम्ही म्हणाल तसं होतं. दादाने एकदा बूट दिले आणि पुढचा सगळा बर्फाचा डोंगर अनवाणी चढला. लिफ्टवाला तर प्रत्येक मोहिमेत सुरुवातीलाच मागून मोकळा व्हायचा. फुकट पदरात पडलेलं कुणी जपत नाही, असं वहिनीचं म्हणणं.

आता बाबा, म्हणजे आमचे वडील. ते घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा की फाटकाबाहेरच्या ट्रकवाल्याला बसल्या जागी कांद्याचा दर कळायचा. मग त्यांच्या मेंदूत गुठळी झाली. उजवा हात दुबळा झाला तो झालाच, पण शब्दही एकमेकांच्या जागेवर जाऊन बसले. पाणी हवं असायचं आणि तोंडातून 'चादर' यायचं. चूक त्यांना स्वतःला कळायची, हे सगळ्यात वाईट. भेटायला आलेला एक जुना व्यापारी त्या चादरीला हसला. वाईट मनाने नाही, पण हसला. त्या दिवसापासून बाबांनी तोंड मिटलं. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की हेच महिने कामाचे आहेत, आता बोलले नाहीत तर पुढे फार अवघड जाईल. बाई आल्या की बाबा भिंतीकडे तोंड करून बसत.

खेळ जेवणाच्या टेबलावर चालायचा आणि बाबा तिथेच बसलेले असायचे, म्हणून वहिनीने त्यांच्यासाठी एक द्वारपाल केला. त्याच्या हाताला मेणाने चिकटवलेली ढाल होती. बाबा डाव्या हाताने फासा टाकायचे, द्वारपालाला बोटाने पुढे सरकवायचे. आम्हाला वाटलं, चला, जीव रमतोय. वहिनीला मात्र त्यांना रमवायचं नव्हतं.

एका रविवारी द्वारपालाला तीन बाण लागले. बाबांनी दाढेकडे बोट दाखवलं.

"देवीला खुणा कळत नाहीत," वहिनी म्हणाली.

बाबांनी पुन्हा बोट दाखवलं, मग छातीवर हात ठेवला.

"अगं, बाबा आहेत ते," दादा म्हणाला.

"माझे सासरे आहेत. देवीला सासरा नाही."

बाबा उठले, खुर्ची ढकलली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. लिफ्टवाला चहा तसाच टाकून घरी गेला. मी वहिनीच्या मागोमाग तिच्या कामाच्या खोलीत शिरले आणि तिला फाडून खाल्लं. आजारी माणसाशी खेळताना कसला नियम, आणि एक प्लास्टरचा दात देऊन टाकला तर तुझं काय जातं, असं बरंच. ती कुणाचीतरी कवळी घासत होती. यंत्रसुद्धा बंद केलं नाही.

"ताई, लोक नवी कवळी नेतात," ती म्हणाली. "टोचते म्हणून डबीत ठेवून देतात. काही महिन्यांनी घालायला जातात तर बसत नाही. कवळी तीच असते, तोंड बदललेलं असतं."

"बाबा म्हणजे कवळी नाही."

"नाही ना. म्हणून तर दुसरी करून देता येणार नाही." मग तिने यंत्र बंद केलं. "घरात आपण सगळे त्यांच्या खुणा ओळखतो. ताट, औषध, टीव्ही. मीही ओळखते. त्यांना बोलायची गरज कुठे उरलीय? एक जागा तरी अशी राहू दे जिथे खुणा चालत नाहीत."

"आणि ते खेळायलाच आले नाहीत तर?"

"तर मी चुकले," ती म्हणाली आणि पुन्हा यंत्र सुरू केलं. मला तिचा इतका राग आला होता की ती बरोबर बोलतेय हे मी कबूल केलं नाही.

पुढच्या रविवारी लिफ्टवाल्याने बेल वाजवायच्या आधीच बाबा खुर्चीत होते. वहिनी या घरात सून म्हणून आली, पण हट्टात ती त्यांची सख्खी मुलगी शोभते.

आम्ही बुडत्या किल्ल्यातून बाहेर पडत होतो. दगडी दार वरून खाली येत होतं आणि द्वारपालाने ते ढालीवर तोलून धरलं होतं. आम्ही तिघं जखमी होऊन आत अडकलेलो. दादाने त्याचं मागणं वापरलं होतं, लिफ्टवाल्याने तर पहिल्याच दालनात, आणि माझं मी एका घोड्यापायी घालवलं होतं. फाशावर वीस पडले तरी हे दार थांबणार नाही, असं वहिनीने आधीच सांगून टाकलं. उरलं होतं एकच मागणं, बाबांचं.

"पाणी गुडघ्यापर्यंत आलं," वहिनी म्हणाली. "द्वारपाल काय करतो?"

बाबा दाढेकडे बघत राहिले. कपाळावरची शीर फुगली होती.

"मी बोलतो त्यांच्या वतीने," दादा म्हणाला.

"नाही. पाणी कमरेपर्यंत."

मला ते बघवत नव्हतं. मी उठणार तेवढ्यात बाबांनी डाव्या हाताने द्वारपालाची ढाल मेणातून उपटली आणि वर धरली.

"छ," ते म्हणाले. "छत्री."

ऐकलं त्यांनी स्वतःच. चेहरा असा पडला की तो व्यापारी पुन्हा दारात येऊन उभा राहिलाय असं मला वाटलं. लिफ्टवाला आपल्या बुटांकडे बघू लागला. ढाल हळूहळू खाली येऊ लागली.

वहिनीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "देवीने छत्री पाहिली," ती देवीच्या संथ आवाजात म्हणाली. "चांगली लढलेली दिसते. कितीपासून सुरू?"

बाबांनी मान वर केली. हा प्रश्न त्यांना जन्मभर रोज पहाटे कुणी ना कुणी विचारला होता. त्यांनी ढाल टेबलावर ठेवली, खुर्चीत सरळ झाले आणि डावा तळहात टेबलावर असा आपटला की फासा खाली पडला.

"बोला," बाबा म्हणाले.

"द्वारपालाला वाचवीन," देवी म्हणाली.

बाबांनी ओठ वाकडा केला. सडका माल आणणाऱ्याकडे ते असंच बघायचे. "बोला, बोला."

दादा लहानपणी त्या बाजारात पोत्यांवर झोपून वाढलाय. त्याला कळायला वेळ लागला नाही. "पाताळाचा राजा," तो हात वर करून म्हणाला, "दोघांना वाचवीन."

बाबांचे डोळे चमकले. बोली लावायला दुसरं गिऱ्हाईक उभं राहिलं होतं. ते वहिनीकडे वळले. "दोघं... दोघं आले. बोला."

"तिघांना," देवी म्हणाली.

"एक वार," बाबा म्हणाले आणि दादाकडे बघितलं. दादाने बोट वर केलं, "तिघं आणि घोडा." माझा घोडा. मी दादाला इतका जीव कधी लावला नव्हता.

"चौघांना," देवी म्हणाली, "घोडा, आणि हे दार पुन्हा कधी मिटणार नाही."

"एक वार," बाबा म्हणाले. आवाज फाटका होता, पण त्यांचा होता. "दोन वार." मग ते थांबले. बाजारातही इथेच थांबायचे, व्यापाऱ्यांना घाम फुटेपर्यंत.

"तीन वार." तळहात टेबलावर पडला. बाबांनी ढाल वहिनीपुढे सरकवली आणि दाढ उचलून मुठीत घेतली.

वहिनी म्हणाली, "दार उघडलं," आणि चहा गरम करायच्या निमित्ताने उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेले. ती ओट्याला दोन्ही हात टेकून रडत होती. मी तिला जवळ घेतलं. तिच्याइतकी मीही रडले, तेव्हा कुणी कुणाला हसायचा प्रश्न नव्हता.

"आणि बोललेच नसते तर?" मी विचारलं.

"तर सगळे बुडालो असतो. पुढच्या रविवारी नवी माणसं केली असती. माल पुष्कळ आहे."

बाहेरून बाबांचा आवाज आला. "छत्री." थोडा वेळ गेला. मग जोरात, "छत्री."

त्यांना ढाल परत हवी होती. मी घेऊन जायला वळले, तर वहिनीने माझा दंड धरला. पदराने डोळे पुसले आणि तिथूनच ओरडून म्हणाली, "विकलेला माल परत मिळत नाही, बाबा. हवा असेल तर बोली लावा."

आम्ही दोघी गॅस बंद करून कान लावून उभ्या राहिलो. मग टेबलावर तळहात आपटला.