कापसातली फुसफुस

"साप! साप हाये इथं! अहो, कापसात साप हाये!"

बायको अशी ओरडली की पार नेर गावापर्यंतच्या म्हशींनी रवंथ थांबवला असेल. दुपारचे दोन वाजले होते. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. भाव असे कोसळले होते त्या वर्षांत, की घराघरांत कापूस मधोमध ऐसपैस राहायचा आणि माणसं भिंतीला चिकटून. ती त्या ढिगाच्या उतारावर कमरेपर्यंत रुतून किडका, पिवळा कापूस वेचून वेगळा काढत होती. खाली मी होतो आणि माझा दोस्त, नेरचा रेडिओ मिस्त्री.

मिस्त्रीने अमरावतीच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून दोन काळे मॉनिटर, म्हणजे रेकॉर्डिंग तपासायचे स्पीकर, आणले होते. माझे स्पीकर सागवानी, कमरेएवढे उंच, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा. त्यांच्यातून बेसूर माणूसही गोड लागायचा. लग्नातली मावशीच जणू, कोणाला वाईट म्हणून बोलायची नाही. मॉनिटरला ती माया नाही. गाणाऱ्याने कुठे श्वास चोरला, तबलजीची अंगठी कुठे वाजली, सगळं चव्हाट्यावर. त्यात कापसाने खोलीतला घुमारा पिऊन टाकलेला. मुंगी शिंकली तर मी तिला "जीते रहो" म्हटलं असतं.

तेवढ्यात कॅसेट संपली, खोली गप्प झाली आणि बायकोला ते ऐकू आलं. स्सस्सस्स.

"हलू नको!" मी ओरडलो. माझे पाय मात्र आपणहून उंबऱ्याबाहेर पोचले होते.

मिस्त्री हसला. "भाभी, डरू नका. या मॉनिटरच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायरची मशीन असते. गाणं बंद असलं तरी ते सूं करते."

मी परत आलो, मॉनिटरला कान लावला. खरंच, स्सस्स. भीती उतरली की माणसाला फुशारकी चढते. बायको निम्मी उठली होती. मी म्हणालो, "बस निवांत! साप नाही, डबा हाये तो. शहरातला डबा!"

ती बसली. मी मिस्त्रीला सुनावलं, "माझे सागवानी गप्प तरी बसतात रे!"

"तुमचे खोटं बोलतात, भाऊ," तो म्हणाला.

आणि लाइन गेली. पंखा थांबला. मॉनिटरचे हिरवे दिवे विझले.

फुसफुस चालूच.

मिस्त्रीच्या हातात उपटलेला प्लग होता, आणि तोंडाचा रंग कापसाचा. आता तो आवाज कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा वाढत होता. घोणस. तिच्या गुडघ्याच्या डाव्या बाजूला कापूस हळूच वर उचलला गेला, खाली बसला. तिच्याकडे पाहायची माझी हिंमत होईना.

मिस्त्रीने माझा एक सागवानी स्पीकर मिठीत उचलला आणि ढिगावर आडवा टाकला, फळीसारखा. "भाभी, यावर पाय. हळू." ती कापसातून एकेक पाय काढत त्याच्यावर चढली, दोन पावलं चालली आणि आमच्या अंगावर कोसळली. मागोमाग घोणस बाहेर आली आणि मागच्या दाराने तुरीत गेली. माझ्या मांडीएवढी होती. मिस्त्री मनगटाएवढी म्हणतो. पण तो कशातच भर घालत नाही, म्हणून त्याचा धंदा वाढत नाही.

संध्याकाळ झाली. बायकोने चहा पुढे ठेवला. मी विचारलं, "तुले आवाज जवळून येत होता, मग उतरली काहून नाहीस?"

ती कप पुसत म्हणाली, "तुम्ही म्हटलं ना, डबा हाये म्हणून."