फिजिक्स झालं, आता पुढं काय?

अमरावतीच्या आमच्या एम.एस्सी. फिजिक्सच्या बॅचमधले आम्ही तिघं अजूनही भेटतो. मी, गजानन आणि नीलेश. भेटलो की चहा थंड होतो आणि किस्से गरम होतात! दरवेळी नवे येतात, पण जुने काही जागा सोडत नाहीत. त्यातले बरेच त्या वर्षीचे, जेव्हा हातात डिग्री होती आणि भेटेल तो विचारायचा, "मंग, आता बी.एड. का?"

*

आमच्या इंगळे सरांना हे 'बी.एड. का' सहन होत नसे. एका दुपारी त्यांनी आम्हाला लॅबमध्ये बसवलं आणि फिजिक्सवाल्यांना कोणकोणते पीजी डिप्लोमा करता येतात ते सांगितलं. इन्स्ट्रुमेंटेशन, सोलर एनर्जी, कॉम्प्युटर आणि कॅन्सरच्या दवाखान्यात लागतं ते रेडिओलॉजिकल फिजिक्स. शेवटी म्हणाले, "काही शंका?"

गजानन उठला. "सर, हे तुमी पहिल्याच वर्षी काहून नाही सांगितलं?"

"तवा तू वर्गात होता कुठं!"

*

नीलेश इन्स्ट्रुमेंटेशनच्या प्रवेशाच्या इंटरव्ह्यूला गेला. साहेबांनी विचारलं, "तुम्ही फिजिक्स का सोडताय?"

नीलेश घाबरला की खरं बोलतो. "सर, मी नाही सोडून राहिलो, तेच मले सोडून राहिलं!"

सगळे हसले. पॅनेलमधल्या एक मॅडम म्हणाल्या, "घ्या याला. मीटरचं रीडिंग तरी खरं सांगेल."

आज तो नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात मशीनचे सेन्सर सांभाळतो. मॅडमचं नाव त्याला अजून माहीत नाही, पण पगारवाढ झाली की पहिली आठवण त्यांची काढतो.

*

गजाननने सोलर घेतलं. डिप्लोमा करून तेल्हाऱ्याला घरी आला, तर काकू बंद पडलेला मिक्सर घेऊन दारात हजर. "पाय बरं, काय झालं याले."

"काकू, माहा डिप्लोमा सोलरचा हाय."

"अस्सं?" म्हणत काकूंनी मिक्सर उचलला आणि अंगणात उन्हात नेऊन ठेवला!

*

माझी गाडी मुंबईवर अडली होती. तिथं रेडिओलॉजिकल फिजिक्सला नंबर लागला, पण बाबा पाठवायला तयार होईनात. परतवाड्याच्या बाजारात आमचं भाजीचं दुकान. इंगळे सर अमरावतीहून एसटीनं आले ते थेट दुकानावरच.

बाबा म्हणाले, "सर, पोरगी दवाखान्यात काय करन? इंजेक्शन देन का?"

"नाही. मशीननं किरणांचा किती डोस द्यायचा, कुठं द्यायचा, याचा हिशेब करन. डॉक्टरही तिले इचारतीन."

बाबा बराच वेळ वांगी रचत बसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बॅग भर. अन् सरायच्या पिशवीत मेथी टाक, ताजी पाहून."

सरांना सोडायला मी स्टँडपर्यंत गेले. मेथीची पिशवी मीच धरली होती.

*

आता मी अकोल्यात एका हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट आहे. रेडिएशन सुरू होताना पेशंट एकटाच आत असतो. आम्ही जाड दाराबाहेर, कॅमेऱ्यातून बघतो, माइकवरून बोलतो.

एक आजी पहिल्याच दिवशी टेबलावर उठून बसल्या. "मले एकटीले टाकून सारे काहून पयता?"

मी त्यांना बाहेर आणलं, स्क्रीन दाखवला. म्हटलं, आजी, आत असलात तरी तुम्ही मला इथं दिसत असता. त्यानंतर रोज त्यांची वेळ झाली की मी माइकवर बसायचे. कपाशीचं विचारायचे, नातवाचं विचारायचे. हलायला मनाई, म्हणून त्या नुसतं "हूं" म्हणायच्या.

ट्रीटमेंट संपली. शेवटच्या दिवशी आजी घरी निघाल्याच नाहीत. मशीन बंद होतं, तर त्या येऊन माझ्या खुर्चीत बसल्या. "इतके दिवस तू मले पायलं. आज तू आत जाय, मी पायतो."

मी गेले. रिकाम्या टेबलाशेजारी, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहिले. बाहेर कुणीतरी त्यांना माइकचं बटण दाखवत असावं. स्पीकर खरखरला.

"पोरी, जेवली का तू?"