राक्षसाशी बोलणारे इवाई

अख्ख्या जालना जिल्ह्यात राक्षसाला एक फटका न मारता, नुसत्या बोलण्यावर घरी परत पाठवणारा माणूस एकच आहे आणि तो नेमका माझा इवाई निघाला, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगते. इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. शहागडला हायवेवर त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. ते बंद करून जालन्याला मुलाकडे राहायला आले, तेव्हा नातीने त्यांना आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर खेळायला बसवलं. म्हातारा माणूस, विरंगुळा म्हणून चार पत्ते लावील, असं आम्हाला वाटलं. ते थेट एका मोडक्या राज्याचे तारणहार झाले.

इवायांची जीभ लहानपणापासून अडकते. पहिलं अक्षर नव्या नवरीसारखं उंबऱ्यावर येऊन उभं राहतं आणि पुढे पाऊल टाकत नाही. (ते अडखळणं मी लिहीत नाही, वाचणाऱ्याने जागोजाग थांबून घ्यावं.) आजही मी दारात गेले की ते हात जोडतात आणि त्यांच्या वाटचा 'जयभीम'ही मीच म्हणून टाकते. दुकानात ट्रकवाल्यांना घाई, म्हणून गिऱ्हाईकच त्यांचं वाक्य पुरं करायचं, भलताच पट्टा घेऊन जायचं आणि गेवराईहून शिव्या देत परत यायचं. पण ट्रकवाल्यांना का हसावं? सोयरीक ठरवायला बसलो तेव्हा मी झेडपीच्या शाळेची मास्तरीण, नळावरच्या भांडणांत अपराजित, स्वतःला मोठी रणरागिणी समजत होते. इवायांनी बोलायला तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. मी ओळखलं, हुंडा. ताडकन सांगितलं, मिळणार नाही. त्यांनी मान हलवली. मग मी मोटारसायकल नाकारली. मग मानपान नाकारला. पदर खोचून उभी राहिले तेव्हा कुठे त्यांचं वाक्य बाहेर आलं. त्यांना चहात साखर कमी हवी होती.

तर हे खेळ म्हणे दोन तऱ्हेचे. एक मारामारीचे, तलवार फिरवा आणि पुढे चला. दुसरे गोष्टीचे. तिथे माणसं भेटतात, काहीबाही विचारतात, खाली तीनचार उत्तरं उमटतात आणि आपण जे निवडू तशी पुढची गोष्ट घडते. मला कोणते आवडले हे सांगायला नको. नातीने मलाही खेळायला बसवलं, तर माझ्या वीरांगनेने गावात शिरल्या शिरल्या दुकानदारच कापला. मग तलवार बोथट झाल्यावर नवी घ्यायची कुणाकडून? नात पोट धरून हसली, म्हणाली, "आजी, तू बोलायला मानूसच उरवत न्हाईस." इवाई मात्र खेळातल्या वेशीवरच्या पहारेकऱ्यापाशी अख्खी दुपार बसले. इंग्रजी ओळींवरून बोट फिरवायचं, अडलं की नातीला विचारायचं, उत्तरं वाचून डोळे मिटायचे. त्या पहारेकऱ्याच्या आजारी आईपासून त्याच्या हरवलेल्या बैलापर्यंत सगळी चौकशी झाली. मी कंटाळून म्हणाले, अहो, हाणा की त्याला एक. त्यावर म्हणाले, "हानल्यावर तो काय सांगनार होता ते कळत न्हाई, इनबाई. आन् हितं कुनाला घाई न्हाई. माझं ठरंस्तोवर समदे तसेच उभे राह्यतात."

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. मग बघतच राहिले. ज्या डाकूंना लोक कापून काढतात ते इवायांचं ओझं वाहू लागले. ज्या राक्षसासाठी पोरं महिना महिना हत्यारं जमवतात, त्याच्यासमोर हा माणूस रिकाम्या हाताने गेला. त्याचं दुःख काय, हे वाटेतल्या प्रत्येकाकडून आधीच विचारून ठेवलेलं. तीन उत्तरं उमटली. इवाई उठले, ज्वारीची भाकरी खाऊन आले, हात पुसले आणि एक निवडलं. राक्षस उठला आणि डोंगराकडे चालता झाला.

नातीला पुण्याला जाऊन असल्याच खेळांच्या गोष्टी लिहायचं शिक्षण घ्यायचं होतं. जावई एमआयडीसीत सळ्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांचं म्हणणं, इथेच राहून बी.एड. करावं. प्रवेशाची मुदत संपत आलेली आणि घरात कुणी कुणाशी बोलेना. मी रविवारी सकाळी लढाईच्या तयारीनेच पोचले. जावयाशी सासूने कसं बोलावं याचे नियम मला पाठ आहेत, मोडायला सोपे जातात. इवायांनी दारातच हात आडवा केला. "आज मी बोलतो."

मुलासमोर बसले. पहिलंच अक्षर अडकलं. जावयांनी जन्माच्या सवयीने ते पुरं केलं, "पोरीला तुमी समजावता म्हनता ना, अण्णा? बराबर हाय." इवायांनी नकारार्थी मान हलवली, पुन्हा सुरुवात केली. "मंग खर्चा लई हाय, आसंच ना?" पुन्हा मान. माझी जीभ वळवळली, ती मी दातांखाली धरली. नात भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक. तिसऱ्यांदा जावयांनी तोंड उघडलं आणि बापाच्या कपाळावरची फुगलेली शीर बघून मिटलं. कुकर शिट्टी द्यायला लागला तसा लेकीने गॅस बंद केला. आणि मग ते आलं, सबंध.

"माझं बोलनं जल्मभर दुसऱ्यानंच पुरं केलं, बापू. पोरीचं आपन न्हाई करायचं."

जावई आपल्या पोरीकडे वळून म्हणाले, "बोल. काय शिकवतात तिथं?" आणि तिचं संपेपर्यंत मध्ये एक शब्द काढला नाही. मी जिंकलेल्या सगळ्या भांडणांत समोरचा गप्प बसला होता. समोरचा ऐकायला लागलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

नात आता पुण्यात आहे. अडलेला शब्द विचारायला ती नाही म्हणून इवायांचा खेळ रेंगाळतो. मास्तरीण मी आहेच, पण माझा प्रत्येक अर्थ मारामारीकडे झुकतो अशी त्यांची तक्रार आहे. रविवारी तिचा फोन येतो. इवाई तो कानाला लावतात आणि अडकतात. मी शेजारी गप्प बसून असते. फोनातून पुण्याच्या रस्त्यावरची वाहनं ऐकू येत राहतात, आणि ती पोरगी तिकडे थांबलेली असते, 'हॅलो, हॅलो'सुद्धा म्हणत नाही. इतक्या वेळाने इवायांच्या तोंडून अखेर निघतं ते एवढंच, "जेवलीस का?"