नावं ठेवण्याजोगी चटणी

माझ्या बायकोला, पारिन्तेनला, मी अडतीस वर्षांत एक वेळ सोडली तर कधी शाबासकी दिलेली नाही. स्वभावच तसा, करणार काय! तिने आयुष्यभर बाटिकच्या कारखान्यात कापडावर तापलं मेण लावलं, बोटं पोळून घेतली आणि घरी येऊन माझी कुरकुर ऐकली. पण बकरी ईदला आमच्या सोलो शहरातल्या गल्लीत दारोदारी शेगड्या पेटल्या, की साते, म्हणजे काडीवर भाजलेलं मटण, ज्याच्या त्याच्या घरची, शेंगदाण्यांची चटणी मात्र सगळ्यांना पारिन्तेनच्याच दगडी खलातली लागते. बारा घरांची गल्ली आहे आमची!

यंदा रोज्यांच्या महिन्यात तिला ताप आला. ताप गेला, पण वास आणि चव दोन्ही गेली. हे फक्त मला माहीत.

"कुणाला बोललात तर बघा," तिने दम दिला होता. "चटणी मीच करणार."

ईदच्या दिवशी मी मशिदीतून मटणाची टोपली घेऊन आलो, तर गल्लीत नुसती धमाल! कुणी पपईच्या पानांत मटण गुंडाळतंय, कुणी काड्यांना तुकडे ओवतंय, करवंट्यांच्या कोळशाचा धूर सगळ्यांच्या डोळ्यांत. मलाही घरात बसवेना. पण पारिन्तेन चटणी वाटून माझीच वाट बघत होती. तिने चमचा पुढे केला.

मी चाखली. कडू जहर! तळताना दाणे करपले होते आणि तिला पत्ताच नव्हता.

"छान झालीय," मी म्हणालो.

पारिन्तेनचा चेहरा पांढराफटक पडला. "छान? माझी आई गेली त्या दिवशी मी भाजीत दोनदा मीठ घातलं होतं. तेव्हा पहिल्यांदा छान म्हणालात. त्यानंतर आज! खरं सांगा, काय बिघडलंय?"

"दाणे जळलेत गं."

तेवढ्यात शेजारची मार्सिया ओरडली, "पारिन्तेनकाकू, वाडगं घेऊन येऊ का? आमचे कोळसे फुललेत!"

"थांब जरा!" मीच ओरडलो. "तुझ्या नवऱ्याने पेटवलेत ना? मग अजून अर्धा तास धूरच निघेल!"

गल्ली हसली. आम्हाला तेवढा वेळ मिळाला. पारिन्तेनने खल रिकामा केला, कढई पुन्हा चढवली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कढईवर नाक धरून उभा राहिलो.

"आता?" ती विचारायची.

"कच्चा वास येतोय. थांब. थांब... खमंग सुटला! काढ, काढ, काय बघत बसलीस!"

"ओरडता काय, काढतेय ना!"

लसूण, मिरची, गूळ, गोड सोया सॉस. तिने असा बत्ता फिरवला, की खल हलायला लागला. पुन्हा चमचा पुढे आला. मी चाखली आणि, देवाशप्पथ सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. तीच! अडतीस वर्षांची तीच चटणी!

"गूळ काय फुकट आलाय?" मी म्हणालो. "आणि लिंबू पिळायला हात आखडला वाटतं!"

पारिन्तेन खळखळून हसली. "मार्सिया, ये गं वाडगं घेऊन! झाली!"

बाराच्या बारा घरी चटणी गेली. पलीकडून कुणीतरी "वाहवा!" म्हणालं, तेव्हा मला उड्या माराव्याशा वाटल्या. आम्ही दारातच बसलो. मी साते भाजल्या, चटणीत बुडवून तिच्या हातात दिल्या.

"कांदा किती जाड चिरलायस," मी म्हणालो. "मिरची नुसती नावाला. आणि मटण म्हणजे..."

बोलता बोलता माझंही तोंड भरलं. मी खातच राहिलो.

तिने हातातली काडी खाली ठेवली. "अहो, थांबलात का? बोला ना. तुम्ही बोलताय तोवर मला थोडी तरी चव लागतेय."

मी घास गिळला.

"चटणी जरा पातळच झालीय," मी म्हणालो.

तिने काडी परत उचलली.