उघाडीच्या दोन फळ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. आता का सांगतोय? तुम्ही समोर बसलात म्हणून — की त्या दिवसाचं गावात कुणी उरलं नाही म्हणून? माझं मलाही नीट सांगता येत नाही.

रेवदंड्याच्या खाडीकाठी एका गावात मी शाळामास्तर होतो. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. गावात शिकलेला मी एकटा, आणि त्याचा मला केवढा ताठा होता म्हणून सांगू. श्रावणभर देवळात माझं प्रवचन असायचं. सत्य, विवेक, अहंकार — लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

गावाची भातशेती खाडीला लागून. मध्ये मातीचा बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार. ओहोटीला तिच्या फळ्या काढून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरतीआधी त्या परत बसवायच्या. हे काम हिराजीकाकांकडे, त्यांच्या बापापासून चालत आलेलं. काकांना अक्षर येत नव्हतं, पण पाण्याची वेळ त्यांची कधी चुकली नाही.

श्रावणातली अमावास्या होती, प्रवचनाची समाप्ती. शेतात पाणी तुंबलेलं, तरी काका सकाळीच फळ्या बसवायला निघाले. पारावर मी त्यांना अडवलं. म्हटलं, भरतीला वेळ आहे, अजून तासभर पाणी जाऊ द्या. ते म्हणाले, "गुरुजी, आज उधान हाय. पुस्तकातला दर्या येगला." पारावरची चार माणसं मला हसली. एवढंच झालं.

मी त्यांच्या मागोमाग बांधावर गेलो. माझ्यादेखत त्यांनी एकेक फळी बसवली, फटी चिखलाने लिंपल्या आणि अंघोळीला घरी गेले. मग मी दोन फळ्या उपसल्या. शेतातलं पाणी उतरलेलं सगळ्यांना दाखवीन, देवळात जाताना फळ्या परत लावीन — असं डोक्यात होतं.

पण मला न्यायला माणसं आली, आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. विसरलो? हो, आधी विसरलो. अर्ध्या प्रवचनात आठवलं. आठवलं — आणि मी उठलो नाही. लोक माना डोलवत होते. पुढेच काका बसलेले, हात जोडून. मी सांगत होतो, ज्ञानाने माणूस नम्र होतो.

दुपारी भातात गुडघाभर खारं पाणी होतं. ते पीक गेलं, आणि पुढची दोन वर्षं त्या जमिनीने भात धरला नाही. पण मी सांगायला बसलोय ते हे नव्हे.

संध्याकाळी गाव जमलं. काका म्हणाले, "म्या समद्या फळ्या लावल्या व्हत्या." पुन्हा पुन्हा तेवढंच. मग माझ्याकडे वळले. "गुरुजी व्हते संगती. गुरुजी, तुमी सांगा."

आणि मी काय सांगितलं? मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, काका. पण वय झालं की होतं असं. माणसाला वाटतं आपण केलं — आणि केलेलं नसतं." किती शहाणपणाचं वाक्य. लोकांना पटलं. काका मात्र आपल्या हातांकडे बघत राहिले. नखांत अजून सकाळचा चिखल होता.

उघाडी दुसऱ्याकडे गेली. काकांना कुणी घालूनपाडून बोललं नाही, पण त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेला. म्हैस बांधली का, हे ते तीनदा जाऊन बघत. जेवलो का, असं काकूंना विचारत. लोक म्हणायचे, म्हातारा चळला. चळला नव्हता हो. मी शिकलेला माणूस म्हणालो, म्हणून त्यांनी आपले हात खोटे मानले आणि मला खरं.

पुढे पाच-सहा वर्षं जगले ते. रोज संध्याकाळी माझ्या ओट्याशी येऊन उभे राहायचे. "गुरुजी, घराचं कवाड मी लावलंय का, जरा बघता का? माझा काय भरवसा न्हाय." मी त्यांच्याबरोबर जायचो आणि बघायचो.

कवाड रोज लावलेलं असायचं.