गादीवाल्याची गरम गाडी

गादीवाला तसा मऊ स्वभावाचा माणूस. गल्लीत कुणाशी भांडण नाही की गिऱ्हाइकाशी घासाघीस नाही. पण साडूचं नाव निघालं, की पोटात कापसाऐवजी काथ्या भरल्यासारखं व्हायचं त्याला.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याच्या गाडीत बसलं की म्हणे दोन मिनिटांत शाल घ्यावीशी वाटते. हे सांगितलं कुणी, तर सासूबाईंनी. तेही गादीवाल्याच्या घरी, त्यानेच भरलेल्या गादीवर बसून!

त्याच सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उद्या दुपारी घरी न्या, पण धूळ नको, डोळ्यात घाम जायला नको. साडूने तोंड उघडायच्या आत गादीवाला सगळ्यांदेखत बोलून गेला, "मीच आणतो त्यांना. माझ्या गाडीतून."

बोलून तर गेला. पण त्याच्या गाडीचा एसी महिनाभर धाप लागलेल्या म्हाताऱ्यासारखी नुसती फुंकर घालत होता.

दुसऱ्या दिवशीच न्यायचं, म्हणून घरी येताच त्याने दारातच बॉनेट उघडलं. बायको उंबऱ्यात उभी.

"ताईला विचारू का?"

"ताईला, की ताईच्या नवऱ्याला?"

"दोघं एकाच घरात राहतात, अहो."

"काही नको. गॅस संपलाय, दुसरं काय!"

पण गॅस भरणाऱ्याकडे दोन दिवस नंबर नव्हता. मागे वळून बघतो, तर बायकोच्या कानाला फोन.

"ताई म्हणते, एसी लावा आणि जाड नळीला हात लावून बघा. इंजिनच्या फिरत्या पट्ट्यापासून हात लांब ठेवा."

"ताई कधीपासून नळ्या ओळखायला लागली?"

कुरकुरत का होईना, त्याने हात लावला. नळी गारठलेली, वर पाण्याचे थेंब.

"गार आहे," तो अगदी नाइलाजाने म्हणाला.

"मग गॅस आहे म्हणते. आता पंखा पूर्ण सोडा."

पंखा असा घोंघावला की गल्लीतली कुत्री उठून बसली. पण आतल्या एसीच्या जाळीपुढे धरलेला कागद जेमतेम हलला.

"गारवा होतोय, पण आत पोचत नाही, म्हणते. गाडी बंद करा. समोरचा कप्पा काढा, त्याच्यामागे फिल्टर असतो."

त्याने कप्पा काढला, फिल्टर ओढला आणि बघतच राहिला. फिल्टर कसला, उशीच ती! दोन वर्षं मागच्या सीटवर कापसाची पोती वाहिली होती. गारवा वाया जाऊ नये म्हणून बाहेरची हवा कायम बंद. मग आतले कापसाचे तंतू पंख्याने ओढून ओढून तिथेच दाबून बसवले होते.

बायकोने फोनवर सांगितलं मात्र, पलीकडून खो खो हसू आलं. चांगलं भरदार, पुरुषी.

"ताईचा घसा बसलाय का?" गादीवाल्याने विचारलं.

"हसू नका दाजी, इथे भडका उडालाय," म्हणून बायकोने फोन ठेवला. मग नवऱ्याला म्हणाली, "गार झाली तरी आईच्या डोळ्यात कापूस उडवायचा नाही हं."

मग नवा फिल्टर आला. शेजारणीचं कचरा ओढायचं यंत्र आणून त्याने सीटा, फटी, जाळ्या सगळं साफ केलं. अंधार पडेपर्यंत गादीवाला साडूला मनातल्या मनात शिव्या देत घासत होता. त्या नळीला हात लावायचं आपल्याला का सुचू नये, हे काही केल्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सासूबाई डोळ्याला पट्टी बांधून पुढे बसल्या. गाडीत कापसाचा एक तंतू नव्हता. एसी सुरू झाला आणि त्यांनी पदर अंगाभोवती घेतला.

"अगोबाई, गार आहे हो!"

गादीवाल्याची छाती फुगली. महिनाभराने त्याच्या तोंडावर हसू आलं.

"जरा कमी करता का?"

"मोठे जावई करतात का कमी?" राहवलं नाही त्याला.

"त्यांना सांगावंच लागत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि सुखाने मान टेकून झोपी गेल्या.

गादीवाल्याने बटण एक घर मागे घेतलं. थोडं पुढे गेल्यावर, कुणी सांगितलं नसताना, आणखी एक.